मागणी भागिले दोन

माझी आई शेजारणींना सांगायची, "आमचा दत्ता अंधेरीला जातो, कॉम्प्युटरमध्ये माळे घालतो." त्यामुळे बोरिवलीच्या आमच्या चाळीत बरीच वर्षं लोक मला सुतार समजत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा प्लायवूडचा भावही विचारला. मी आईवर वैतागायचो. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, अख्ख्या नोकरीत माझं काम इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायचं तर आधी हे माळ्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा अडीच हात लांब. त्यावर जेमतेम सहा डबे मावायचे, आणि आईकडे डबे होते चाळीसेक. बाकीचे माळ्यावर. लागेल तो डबा खाली काढायचा, काम झालेला वर सरकवायचा. तिचा हात असा सरावलेला की पाहुण्याला वाटावं, चाळीसच्या चाळीस डबे ओट्यावरच आहेत. कॉम्प्युटरमध्ये कोअर नावाची स्मृती असायची, जलद पण महाग आणि म्हणून थोडी, तो ओटा. ड्रम नावाचं एक फिरतं पिंप असायचं, भरपूर जागेचं पण सावकाश, तो माळा. प्रत्येक प्रोग्रॅमचे सारखे तुकडे करायचे, त्यांना पानं म्हणायचं. लागेल ते पान कोअरमध्ये आणायचं, नको ते ड्रमवर टाकायचं. प्रोग्रॅम बिचारा समजतो की सगळी जागा आपल्याच मालकीची आहे.

हा भास टिकवून धरणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्याला पुस्तकात कर्नल म्हणतात. आमच्याकडे त्याला मुकादम म्हणायचे. मुकादमाचा मुक्काम कायम ओट्यावर. त्यालाच माळ्यावर टाकला तर खाली काढणार कोण? तर कोअरमध्ये मुकादमाला किती जागा, गिऱ्हाइकांना किती, आणि एका गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त किती पानं वापरायची, हे मुकादमाला शिकवून ठेवणं हे माझं काम. ते सगळं पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर, लिहायचं, आणि अर्धा दिवस यंत्र बंद ठेवून मुकादम नव्याने बांधायचा. एक आकडा चुकला तर गडी उठायचाच नाही. मग सगळं पहिल्यापासून.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मरोळला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं केंद्र होतं. यंत्र परदेशात वापरून झालेलं, पण आम्ही त्याला नव्या नवरीसारखं जपायचो. आम्ही घामाने भिजत असू, त्याला मात्र एअरकंडिशनर. ज्यांना स्वतःचं यंत्र परवडत नाही ते आमच्याकडे तासांवर काम करून घ्यायचे. जुहूच्या एका हॉटेलची बिलं, मुलुंडच्या एका औषध कंपनीचा साठा, कुणा कारखान्याचे पगार, असलं काय काय.

येणाऱ्याने एक फॉर्म भरायचा. त्यात रकाना होता, 'किती पानं लागतील?' इथे सगळा घोळ. मुकादम फॉर्ममधला आकडा बघून ड्रमवर तेवढी जागा बाजूला राखून ठेवायचा आणि मगच काम आत घ्यायचा. पन्नास पानं लागणारा माणूस लिहायचा शंभर. कमी पडायला नकोत, आणि मागितलं ते पूर्ण मिळतं कुठे, असा सगळ्यांचा हिशेब. औषध कंपनीचे शाहभाई तर प्रत्येक चौकोनात मावेल तेवढा मोठा आकडा लिहायचे. 'छापील प्रती किती हव्यात' या रकान्यातही त्यांनी एकदा नऊशे नव्याण्णव लिहिलं होतं, आणि आमच्या पास्कलने निमूटपणे छापायला सुरुवातही केली होती. अकराव्या प्रतीला शाहभाई धावत आले.

पास्कल आमचा मुख्य ऑपरेटर. गोराईचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण अहो-जाहो केलं की चिडायचा. घरचे लोक मासेमारी आणि थोडी शेती करायचे, हा एकटा शहरात नोकरीला. यंत्राचं इंग्रजी पुस्तक त्याने माझ्याआधी वाचून संपवलं होतं, पण ते कधी बोलून दाखवायचा नाही.

या दुप्पट लिहिण्यामुळे व्हायचं काय, चार गिऱ्हाइकं आत घेतली की ड्रम कागदोपत्री भरला. प्रत्यक्षात निम्मा मोकळा. बाहेर बाकड्यांवर लोक ताटकळत आहेत आणि आत यंत्र आळसावलेलं. प्रधानसाहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "दत्ता, काय करणार याचं?"

मी केलं. मुकादम नव्याने बांधताना त्याच्या पोटात एक ओळ घातली. फॉर्ममध्ये जो आकडा येईल त्याला दोनाने भागायचं, आणि तीच त्या गिऱ्हाइकाची मर्यादा. मागणी भागिले दोन. बस्स. सगळे दुप्पट लिहितात, आपण निम्मं देऊ, म्हणजे ज्याला जेवढं लागतं तेवढं बरोबर मिळेल. दुसऱ्या दिवसापासून आठ-आठ कामं आत जायला लागली, बाकडी रिकामी झाली. साहेबांनी पाठ थोपटली. कसं केलंस हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जादूगाराने युक्ती कशाला सांगायची? अंगावर मूठभर मांस चढलं होतं माझ्या.

फक्त पास्कलला सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "आणि कुणी खरं लिहिलं तर?"

मी हसलो. "आपल्याकडे?"

तो हसला नाही. कप विसळायला निघून गेला.

दीडेक महिन्याने कर्णिकबाई आल्या. घाटकोपरला राहायच्या, एका कॉलेजात गणित शिकवायच्या. चाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. खाडीच्या भरतीवर त्यांचा प्रबंध होता. ठाण्याच्या खाडीत पाणी चढतं तेव्हा ते माहुलच्या बाजूच्या चिखलात कुठवर पसरतं, गाळ कुठे टाकतं, हे गणिताने काढायचं. त्यासाठी माहुलच्या कोळ्यांना भेटून, पाणी कुठल्या कुठल्या खुणेपर्यंत येतं हे विचारून आल्या होत्या. नोकरी, घर, दोन मुलं सांभाळत सात वर्षं हे चाललेलं. त्या महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर विद्यापीठातली नोंदणी रद्द होणार होती. कॉलेजने खटपट करून त्यांना आमच्या यंत्राचे दहा तास मिळवून दिले होते. एकदाच. आणखी मिळणार नाहीत असं पत्रातच लिहिलेलं होतं.

फॉर्ममध्ये त्यांनी एकशेऐंशी पानं लिहिली होती. मला म्हणाल्या, सगळी खाडी आलेखाच्या कागदावर चौकोन पाडून मोजली आहे, कसं मोजलं ते दाखवू का? मी म्हटलं, नको नको, असू दे. आणि सही ठोकली. मनात म्हटलं, लागत असतील नव्वद.

शुक्रवारी सकाळी आठला त्यांचं काम आत गेलं. मुकादमाची रीत अशी की पान पहिल्यांदा हाताळलं की तेव्हाच ते मोजणीत धरायचं. नुसती मागणी करून न वापरलेलं पान मोजायचं नाही. बाईंच्या प्रोग्रॅममध्ये खाडीचा एकेक तुकडा एकेका पानावर होता. ओहोटीत आणि लहान भरतीत वरचा चिखल कोरडा, म्हणजे ती पानं हाताळायची गरजच नाही. तोवर साठ-सत्तर पानांत सगळं भागत होतं. बाई बाकड्यावर बसून उत्तरपत्रिका तपासत होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला हिशेबातली तिथी अमावास्येला पोचली. उधाणाचं पाणी चिखलावर चढायला लागलं, आणि एकेक नवं पान मोजणीत यायला लागलं. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. एक्क्याण्णवं पान मागितलं आणि मुकादमाने काम मारून टाकलं. यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर ओळ उमटली, 'मर्यादा ओलांडली.'

सात तास गेले. उरले तीन. आणि काम पहिल्यापासून करायचं तर आठ तरी हवेत.

मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. आमच्याकडे एक वही होती, काम मधेच थांबलं तर त्यात कारण लिहायचं. दोनच रकाने, केंद्र किंवा ग्राहक. चूक केंद्राची असेल तर तास परत, ग्राहकाची असेल तर गेले. मी तेव्हा वर्षभराच्या बोलीवर होतो, अजून कायम व्हायचो होतो. घरात आई, दोन लहान बहिणी, आणि पगार आणणारा मी एकटा. मी पेन घेतलं आणि 'ग्राहक' लिहिलं. वर टाइपरायटरची ती ओळ पुरावा म्हणून चिकटवली. मर्यादा ओलांडली, म्हणजे ओलांडणाऱ्याचीच चूक ना!

बाई शेजारीच उभ्या होत्या. वहीत बघत मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमला जागा पुरली नाही. पुढच्या वेळी दुप्पट लिहा, सगळे लिहितात."

"दुप्पट का? मी मोजून लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मग विचारलं, काम बंद पडलं तेव्हा स्मृतीत काय होतं ते छापून मिळेल का. पास्कलने सगळं छापलं. उशीएवढा गठ्ठा झाला. त्याने तो सुतळीने नीट बांधला, गाठ मारली, आणि बाहेर बसपर्यंत स्वतः नेऊन दिला. परत आल्यावर पुढच्या कामाची कार्डं लावायला लागला.

रविवारी पास्कलच्या पुतणीचा बाप्तिस्मा होता आणि त्याने आधीच बोलावलेलं होतं. जावं की नाही करत शेवटी गेलो. बोरिवलीहून खाडीपर्यंत, मग होडीने पलीकडे. जेवण झकास होतं, पण मी ताट तसंच ठेवलं. दुपारी तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला. भरती लागली होती. चिखलावर पाणी बोटाबोटाने पुढे सरकत होतं, आधी एका खळग्यात, मग शेजारच्या. मला तर पाणी दिसतच नव्हतं, पानं दिसत होती. एक्क्याऐंशी, ब्याऐंशी.

पाण्यात दूरवर खुंटांची रांग होती. पास्कल म्हणाला, त्यातली एक जागा माझ्या भावाची. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराची, तिथे ते जाळं बांधतात. सध्या भावाची होडी दुरुस्तीला होती, म्हणून शेजाऱ्याने तिथे आपलं जाळं लावलं होतं. होडी तयार झाली की भाऊ एक निरोप धाडणार, आणि शेजारी त्याच दिवशी जाळं काढून घेणार.

मी म्हटलं, "भाऊ सगळी जागा वापरतो का पण? अर्ध्यात भागत असेल तर?"

"जागा त्याची आहे रे," पास्कल म्हणाला. "रिकामी असेल तेव्हा वापर, कोण नाही म्हणतो? पण तो आला की द्यायची. पूर्ण. त्याला किती लागते ते ठरवणारे आपण कोण?" मग म्हणाला, "त्या बाईने मोजून लिहिलं होतं, दत्ता."

त्याने एवढंच म्हटलं. साहेबांना सांगतो अशी धमकी नाही, उपदेश नाही. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पास्कलने तोंड फिरवून पाण्याकडे बघितलं आणि मला हवा तेवढा वेळ दिला.

सोमवारी सकाळी केंद्रावर पोचलो तर कर्णिकबाई साहेबांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलेल्या. मांडीवर तो सुतळी बांधलेला गठ्ठा. मला वाटलं, विनवणी करायला आल्या असणार, तासांसाठी. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच. त्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. अर्धा तास माझी अशी घालमेल चालली होती. शेवटी दार ढकललं आणि आत गेलो.

साहेबांना सगळं सांगितलं. भागिले दोनची ओळ, कधी घातली, का घातली, शुक्रवारी वहीत काय लिहिलं तेही. साहेब चष्मा काढून पुसत बसले. मग विचारलं, "ही भागायची अक्कल कोणाची?"

"माझी."

"आणि रांग अचानक कशी संपली, हे तुला न विचारण्याची अक्कल माझी." त्यांनी वही मागवली, 'ग्राहक'वर आडवी रेघ मारली, 'केंद्र' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. सात तास परत. मला कायम करायचं सहा महिने पुढे ढकललं, ते मात्र सोडलं नाही. बरोबरच होतं. नोकरीवरून काढलं नाही हेच नशीब, आणि त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

पण नुसते तास देऊन काय होतं? भागाकाराची ओळ काढायची तर बाकी सगळ्यांच्या दुप्पट मागण्या पुन्हा अंगावर येणार, ड्रम भरणार, आणि बाईंना आत घ्यायला जागाच उरणार नाही. ओळ तशीच ठेवून त्यांना तीनशेसाठ लिहायला सांगणं सोपं होतं. ते मी पुन्हा तोंडातून काढलं नाही. दोन दिवस मी गिऱ्हाइकांचे उंबरे झिजवले. मुलुंड, जुहू, कुठे कुठे. प्रत्येकाला सांगायचो, आजवर मी तुमचं निम्मं कापत होतो. आता नाही कापणार. खरं किती लागतं ते लिहा. लाज वाटायची, पण चौथ्या-पाचव्या वेळेला तीही सरावाची झाली.

शाहभाई बिथरले. म्हणाले, "आज खरं लिहीन, उद्या तुम्ही त्याचंही निम्मं कराल."

मी म्हटलं, "केलं तर तुमचं सगळं काम मी हाताने लिहून देईन."

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. मग नऊशे नव्याण्णव खोडून दोनशे दहा लिहिलं, आणि चहा मागवला. पुढे मी तपासलं. दोनशे चार लागायची त्यांना.

बुधवारी यंत्र बंद ठेवून मुकादम नव्याने बांधला. भागाकार काढला, आणि पास्कलच्या भावाची रीत घातली. फॉर्ममध्ये लिहिलं ते वचन, ते ज्याचं त्याला पूर्ण. रिकामं असेल तोवर दुसऱ्याने वापरावं, पण मालकाने मागितलं की त्या क्षणी सोडायचं. कार्डं पास्कलने लावली. पहिल्या झटक्यात उठला मुकादम.

शुक्रवारी सकाळी पुन्हा आठ वाजता बाईंचं काम आत गेलं. या वेळी त्यांनी उत्तरपत्रिका आणल्या नव्हत्या. दुपारी अमावास्या आली तसे आम्ही तिघं टाइपरायटरपाशी उभे राहिलो. नव्वद, एक्क्याण्णव. एकशेवीस. एकशेपन्नास. पाणी माहुलच्या त्या शेवटच्या खुणेपर्यंत गेलं असावं, कारण आकडा एकशेचौऱ्याहत्तरला थांबला, आणि मग हलला नाही. ओहोटी लागली होती.

मी म्हटलं, "एकशेचौऱ्याहत्तर. मग एकशेऐंशी का लिहिलंत?"

बाई आधीच्या शुक्रवारपासून पहिल्यांदा हसल्या. "सहा पानं भीतीची," म्हणाल्या. "मीही माणूसच आहे."

प्रबंध वेळेत गेला. पुढच्या वर्षी त्या पेढे घेऊन आल्या, आणि प्रबंधाची एक प्रत माझ्या हातात ठेवली. गणित माझ्या डोक्यावरून जाणारं, म्हणून मी नुसती पानं उलटत होतो. मधे घडी घातलेला आमच्या केंद्राचा फॉर्म सापडला, त्यांच्या कामाची त्यांच्याकडची प्रत. 'किती पानं लागतील' पुढे शाईने एकशेऐंशी. त्याखाली पेन्सिलने छोटं गणित. भागिले दोन, नव्वद. बाजूला तारीख. ती पहिल्या शुक्रवारची होती.

मी विचारलं, "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"घाटकोपरच्या बसमध्येच. गठ्ठा मांडीवर होता, पानं मोजली. बरोबर निम्म्यावर थांबलेलं. आपोआप असं नेमकं निम्मं कधी होत नाही, कुणीतरी केल्याशिवाय." मग म्हणाल्या, "आणि वहीत लिहिताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं."

"मग सोमवारी तुम्ही सरळ साहेबांकडे का गेला नाहीत? साहेब तर आतच होते."

"जाणारच होते. म्हणूनच आले होते. बाहेर बसले, तुम्ही पाणी प्यायला आलात, तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, अर्धा तास थांबू या. हा मुलगा आपण होऊन आत गेला तर बरं."

"आणि गेलो नसतो तर?"

"तर मी गेले असते," बाई म्हणाल्या. "माझी सात वर्षं होती ती."

पुढे यंत्रं बदलली, ड्रम जाऊन डिस्क आल्या, ओटा केवढा तरी मोठा झाला. मी कायम झालो, चार मुलांना हे काम शिकवलं, सन्मानाने निवृत्त झालो. लोक समारंभात माझ्या हुशारीबद्दल बोलले. मी ऐकून घेतलं. मला आठवत होतं ते मरोळच्या शेडमधलं लाकडी बाकडं, आणि सात वर्षांचं काम मांडीवर घेऊन, माझ्यासाठी अर्धा तास गप्प बसून राहिलेली एक बाई.